उनपदेवाचं पाणी कितलं खोल? पाण्यातल्या क्षारांवरून जमिनीखालचं तापमान कसं काढायचं

पौषात यात्रेच्या दिवसांत मी उनपदेवाला गोमुखाखाली थर्मामीटर धरून उभी होते. शेजारी पायरीवर गुडघे शेकत बसलेल्या एका आजींनी विचारलं, "हाई पानी कितलं खोल शे वं माय?" मी म्हटलं, "आजी, तेच शोधायला आलेय." त्या हसल्या आणि पुन्हा गुडघ्यावर पाणी घेऊ लागल्या.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर काढायची रीत आहे. ती अवघड नाही, पण तिच्यात चुकायला जागा फार. मी चोपड्यात माती-पाणी तपासणीची लहान लॅब चालवते. येणारे बहुतेक केळीवाले शेतकरी. ठिबकच्या नळ्या क्षारानं बुजल्या की विहिरीचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन येतात. गरम झऱ्यांचं काम मी त्यातून वेळ काढून करते, आवडीनं. हे करताना ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या, त्याच इथे जास्त लिहिते आहे.

उनपदेव चोपडा तालुक्यात अडावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. त्याच भागात सुनपदेव आणि निझरदेव. शहादा तालुक्यात दरा गावाजवळही एक उनपदेव आहे. 'ऊन' म्हणजे गरम, हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. रामानं बाण मारून शरभंग ऋषींसाठी हे पाणी काढलं अशी श्रद्धा आहे. दुसरी एक समजूत शिकल्या-सवरल्या लोकांतही ऐकू येते, की खाली गंधक आहे म्हणून पाणी तापतं, किंवा खाली ज्वालामुखी जिवंत आहे. यातलं काही खरं नाही. आपला काळा दगड लाव्ह्याचाच, पण तो ओतला गेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याची ऊब केव्हाच गेली. पाणी तापतं ते खोल गेल्यामुळे. पावसाचं पाणी भेगांमधून खाली उतरतं, जमिनीत साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढत जातं, आणि मोठी भेग मिळाली की तेच पाणी वर येतं. तापीचं खोरं आणि सातपुडा यांच्या सांध्यावर अशा मोठ्या भेगा आहेत, म्हणून गरम झरे पायथ्याच्या ओळीनं सापडतात.

आता मूळ कल्पना. खोलवर पाणी दगडाशी वर्षानुवर्षं टेकून असतं. तिथल्या तापमानाला जेवढी सिलिका (गारगोटी जिची बनते ते द्रव्य) विरघळायची तेवढी विरघळते, जितकं गरम तितकी जास्त. सोडियम आणि पोटॅशियम यांचं एकमेकांशी प्रमाणही दगडातल्या फेल्डस्पार या खनिजामुळे तापमानानुसार ठरतं. मग पाणी भेगेतून भरभर वर येतं. वाटेत ते थंड होतं, पण सिलिका काही लगेच बाहेर पडत नाही. तिला साका धरायला फार वेळ लागतो. म्हणून वर आलेल्या बाटलीभर पाण्यात खालच्या तापमानाची नोंद शिल्लक राहते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट फूर्निये यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत याची सूत्रं बसवली. न्यूझीलंडमध्ये काम केलेले वर्नर गिगेनबाख यांनी १९८८ मध्ये पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची जोड दिली. आपल्याला त्यातली पाच-सहा सूत्रं पुरतात.

बाटली भरणं

निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं.

दिवस निवडायचा तो वैशाखातला. ऊन असह्य असतं हे खरं, पण विहिरींची पातळी सगळ्यात खाली गेलेली असते आणि झऱ्यात वरचं थंड पाणी कमीत कमी मिसळतं. दुसरा नमुना भाद्रपदात, पाऊस मुरल्यावर. दोन्हींत फरक पडला तर तो फरकच बरंच काही सांगतो. यात्रेच्या गर्दीत घेतलेला नमुना मी हिशोबात धरत नाही, त्या दिवशी मी फक्त तापमान मोजते.

पाणी कुंडातून घ्यायचं नाही. कुंडात साबण असतो, अंगाचं मीठ असतं, नारळ-फुलं असतात. गोमुखातच, जिथून धार फुटते तिथे, सलाइनची स्वच्छ नळी आत सरकवायची आणि तिच्या दुसऱ्या तोंडातून बाटली भरायची. तापमानही तिथेच, धारेत. डिजिटल थर्मामीटर घरी उकळत्या पाण्यात घालून आधी पडताळून घ्या. चोपड्याची उंची थोडी आहे, तेव्हा पाणी ९९ च्या किंचित वर उकळायला हवं.

बाटली पॉलिथिनची किंवा पॉलिप्रोपिलीनची. काचेची कधीच नाही. काच सिलिकाचीच असते, गरम पाण्यात ती थोडी विरघळते आणि तुम्ही झऱ्याऐवजी बाटलीचं तापमान काढत बसता.

जागेला दोन बाटल्या. दोन्हींत पाणी सिरिंजला लावलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. हे काम हाताला चटके बसत करावं लागतं. सिरिंजचा दट्ट्या गरम पाण्यानं सैल पडतो, फिल्टर निसटतो, म्हणून मी जाड सुती हातमोजा घालते आणि एकदम जोर न लावता दहा-दहा मिलिलिटर ढकलते. पहिले दहा टाकून द्यायचे. एका बाटलीत गाळल्यानंतर तीव्र नायट्रिक आम्लाचे थेंब, सामू २ च्या खाली जाईपर्यंत. ही धातूंसाठी: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. दुसरी बिनआम्लाची: क्लोराइड, सल्फेट, सिलिका. आधी गाळणं, मग आम्ल, हा क्रम उलटला की संपलं. आपली काळी माती चिकणमातीची, तिच्यात मॅग्नेशियम भरपूर. पाण्यात डोळ्याला न दिसणारा गढूळपणा असला तरी आम्ल ते मॅग्नेशियम सोडवून आणतं, आणि पुढे दिसेलच की अर्ध्या मिलिग्रॅमवर किती अवलंबून आहे.

सामू आणि बायकार्बोनेट जागेवरच मोजायचे. बाटली घरी येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो.

सिलिका लिटरला ११५-१२० मिलिग्रॅमच्या वर असेल अशी शंका असेल, तर तिसरी बाटली: १० मिलिलिटर नमुना आणि ९० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. कारण साध्या तापमानाला तेवढ्यापेक्षा जास्त सिलिका पाण्यात टिकत नाही, तिचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि सिलिका मोजायच्या मॉलिब्डेटच्या रंगपरीक्षेला ते दिसत नाहीत. खानदेशातल्या झऱ्यांसाठी बहुधा याची गरज पडत नाही, पण दहा मिनिटांचं काम आहे, करून ठेवावं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. झऱ्यापासून जवळची एक थंड विहीर किंवा बोअर शोधा आणि तिचेही दोन नमुने अगदी तसेच घ्या. हे बहुतेक जण करत नाहीत. मीही सुरुवातीला केलं नव्हतं. मग एका पुसलेल्या लेबलानं ते मला शिकवलं.

पुसलेलं लेबल

त्या वर्षी मी झऱ्याच्या बाटल्यांबरोबर आमच्या शेतातल्या विहिरीचीही एक बाटली डिकीत टाकली होती, ठिबकसाठी तपासायची म्हणून. बॉलपेननं लिहिलेली लेबलं बर्फाच्या पेटीत भिजली आणि शाई पसरली. लॅबमध्ये मी एक बाटली झऱ्याची समजून उघडली. सिलिका आली लिटरला ४०. क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेच्या सूत्रात घातली (सूत्रं पुढे दिली आहेत), उत्तर आलं ९२ अंश. मला फार आनंद झाला. वर पाणी गरम, खाली त्याहून गरम, सगळं पुस्तकातल्यासारखं. वहीत लाल शाईनं लिहिलंसुद्धा. सोडियम ६०, पोटॅशियम २. त्या दोघांच्या सूत्रानं १३८ अंश दाखवले. मी अजून खूश.

संध्याकाळी क्लोराइडचं टायट्रेशन केलं, आणि ते इतकं कमी निघालं की मी चमकले. मग बाटलीच्या बुडाला लावलेला चिकटपट्टीचा तुकडा दिसला. वडील शेतातल्या सगळ्या बाटल्यांना तो लावतात. ते आमच्या विहिरीचं पाणी होतं. उन्हाळ्यात तोंडावर मारलं तर गार वाटणारं, सत्तावीस अंशांचं.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी चूक लेबलाची होती, पण सूत्रांनी मला थांबवलं नव्हतं. त्यांनी गार विहिरीच्या खाली ९२ आणि १३८ अंशांचा साठा दाखवला होता. झऱ्याची बाटली असती तर मी हा आकडा खरा मानून मोकळी झाले असते.

कारण नंतर नीट समजलं. आपला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, हवापाण्यानं झिजताना सिलिका मोकळी करतो. काळ्या दगडातल्या विहिरीला लिटरला तीस-चाळीस मिलिग्रॅम सिलिका सहज येते, आणि ती उष्णतेमुळे आलेली नसते, दगड कुजल्यामुळे आलेली असते. क्वार्ट्झशी तिचा काही संबंध नाही. सोडियम आणि पोटॅशियमचंही तेच. थंड पाण्यातलं त्यांचं प्रमाण मातीनं ठरवलेलं असतं, फेल्डस्पारनं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच विहिरीचं मॅग्नेशियम मोजून आणलं, २५ मिलिग्रॅम, आणि गिगेनबाख यांच्या पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या सूत्रात घातलं. उत्तर आलं २५ अंश! विहिरीचं खरं तापमान २७. तीन सूत्रांतलं एकच सूत्र खरं बोललं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक झऱ्याच्या पानासमोर एका थंड विहिरीचं पान असतं, आणि लेबलं पेन्सिलीनं. पेन्सिल पाण्यात पुसत नाही.

रिपोर्ट वाचताना

धातूंची तपासणी बाहेर करून घ्यावी लागली तर रिपोर्टमधल्या तीन जागा तपासा.

सिलिका 'सिलिकॉन' म्हणून दिली आहे का 'सिलिकॉन डायऑक्साइड' म्हणून? सगळी सूत्रं डायऑक्साइडची आहेत. सिलिकॉन दिलं असेल तर २.१४ नं गुणा. हे विसरलं की काय होतं ते सांगते. खरी सिलिका ८० असेल तर सिलिकॉन म्हणून रिपोर्टवर ३७.४ छापून येईल. तेच सूत्रात घातलं तर कॅल्सेडनीचं (हे सिलिकेचंच एक रूप, पुढे सांगते) उत्तर ९७ ऐवजी ५८ येतं. आणि झऱ्याचं तोंडही ५८ अंशांचं असेल तर तुम्हाला वाटेल, वा, पाणी एक अंशही न गमावता वर आलं. चुकीचं उत्तर बरोबर बसल्यासारखं दिसतं, तेच धोक्याचं.

दुसरं, माती-पाण्याच्या लॅब आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (वजनाऐवजी आयनांच्या विद्युतभाराच्या हिशोबात) देतात, कारण शेतीला तेच लागतात. सोडियमला २३, पोटॅशियमला ३९.१, कॅल्शियमला २०.०४, मॅग्नेशियमला १२.१५ नं गुणून मिलिग्रॅम करून घ्या.

तिसरं मॅग्नेशियमचं, आणि इथे मी माझ्या स्वतःच्या लॅबबद्दल बोलते आहे. आम्ही शेतकऱ्यांसाठी मॅग्नेशियम ईडीटीएच्या टायट्रेशननं काढतो: एकूण कठीणपणा वजा कॅल्शियम. पन्नास मिलिलिटर नमुन्यात ब्युरेटचा एक थेंब म्हणजे लिटरला साधारण पाव मिलिग्रॅम मॅग्नेशियम. दोन टायट्रेशन, दोन्हींत एकेक थेंब इकडे-तिकडे, झाली अर्ध्या मिलिग्रॅमची चूक. केळीच्या पाण्यात २५ मध्ये अर्धा कमी-जास्त झाला तर काही बिघडत नाही. खोलवरून आलेल्या गरम पाण्यात मात्र अख्खं मॅग्नेशियमच अर्धा मिलिग्रॅम असतं. त्यामुळे झऱ्याचं मॅग्नेशियम अॅटॉमिक अॅब्झॉर्प्शन किंवा आयसीपी यंत्रावरच करून घ्या. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा. सोडियम-पोटॅशियमला फ्लेम फोटोमीटर चालतो.

शेवटी धन आणि ऋण आयनांची मिलिइक्विव्हॅलंटमध्ये बेरीज करा. दोन्ही बेरजांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, नमुना परत तपासा.

आकडेमोड

आकडे सोपे जावेत म्हणून मी बनवून घेतले आहेत, ते उनपदेवाचे नाहीत. समजा झऱ्याचं तोंड ५८ अंश, आणि लिटरला मिलिग्रॅममध्ये सिलिका ८०, सोडियम २५०, पोटॅशियम ६, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ०.५.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 'लॉग' दाबायचं, दहाच्या पायाचं. शेजारचं नैसर्गिक लॉग दाबलं तर उत्तरं भलतीच येतात. सगळ्या सूत्रांत शेवटी २७३.१५ वजा केले की सेल्सियस मिळतो.

क्वार्ट्झ:
१३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५

८० चं लॉग १.९०३. कंसात उरतात ३.२८७. भागाकार ३९८.२. तापमान १२५ अंश.

कॅल्सेडनी:
१०३२ ÷ (४.६९ − लॉग सिलिका) − २७३.१५

उत्तर ९७ अंश.

एकाच सिलिकेनं दोन उत्तरं, २८ अंशांच्या फरकानं. कोणतं धरायचं? माझ्या टेबलावर एक गारगोटी आहे, नांगरताना वर आलेली, अंड्याएवढी. बाहेरून मातकट, पण फुटलेल्या बाजूनं मेणासारखी धुरकट, उजेडात धरली तर कडा पारदर्शक होते. हीच कॅल्सेडनी. सिलिकाच, पण इतक्या बारीक कणांची की सुटे स्फटिक दिसत नाहीत, आणि क्वार्ट्झपेक्षा सहज विरघळते. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्या हिनं आणि झिओलाइट नावाच्या खनिजांनी भरलेल्या आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींचे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत जातात. पाणी ज्या दगडातून फिरतं त्याच्या भेगाच कॅल्सेडनीनं मढवलेल्या असतील, तर सिलिका तिच्याच हिशोबानं विरघळणार. आइसलँडही बेसॉल्टचाच देश. तिथल्या विहिरींवर स्टेफान आर्नोर्सन यांना हेच दिसलं, की साधारण १८० अंशांच्या खाली कॅल्सेडनीचा हिशोब लागतो, त्याच्या वर क्वार्ट्झचा. म्हणून खानदेशात मी कॅल्सेडनीचं उत्तर धरते आणि क्वार्ट्झचं फक्त वरची मर्यादा म्हणून लिहून ठेवते.

क्वार्ट्झचं आणखी एक सूत्र आहे, १५२२ आणि ५.७५ चे आकडे असलेलं. ते उकळत, वाफ सोडत वर येणाऱ्या पाण्यासाठी. लडाखच्या पुगा खोऱ्यात ते लागेल, तिथे उंचीमुळे पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं. आपल्याकडे त्याचं काम नाही.

पाण्याचा सामू ९ च्या वर असेल तर सिलिकेचा काही भाग आयनांच्या रूपात जातो आणि सूत्र तापमान वाढवून सांगतं. आपल्या भागातलं गरम पाणी अल्कधर्मी असू शकतं, तेव्हा सामूची नोंद जवळ हवीच.

सोडियम-पोटॅशियम, फूर्निये यांचं १९७९ चं:
१२१७ ÷ (लॉग (सोडियम ÷ पोटॅशियम) + १.४८३) − २७३.१५

उत्तर ११९. गिगेनबाख यांचे आकडे, १३९० आणि १.७५०, वापरले तर १३९. हे प्रमाण मुळात दीडशे-दोनशे अंशांच्या वरच्या साठ्यांना शोभतं. आमच्या गार विहिरीलाही यानं १३८ दिले होते हे लक्षात असू द्या. कमी तापमानाच्या झऱ्यावर मी याच्यावर भरवसा ठेवत नाही.

सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियमचं सूत्र फूर्निये आणि ट्रूस्डेल यांचं, १९७३ चं:
१६४७ ÷ (लॉग (सोडियम ÷ पोटॅशियम) + बीटा × [लॉग (√कॅल्शियम ÷ सोडियम) + २.०६] + २.४७) − २७३.१५

बीटा आधी ४/३ घ्यायचा. उत्तर १०० च्या खाली आलं तर तेच ठेवायचं, वर गेलं तर बीटा १/३ घेऊन परत करायचं. आपल्या उदाहरणात येतात ६८ अंश. वाटेत कॅल्साइट साचला की कॅल्शियम कमी होतं आणि हे उत्तर फुगतं. गोमुखाच्या तोंडाशी पांढरा थर आहे का, ते बघून घ्या.

पोटॅशियम-मॅग्नेशियम:
४४१० ÷ (१४.० − लॉग (पोटॅशियम² ÷ मॅग्नेशियम)) − २७३.१५

३६ भागिले ०.५, म्हणजे ७२. लॉग १.८५७. उत्तर ९० अंश.

आता सगळे आकडे एका ओळीत लिहा: ६८, ९०, ९७, ११९, १२५, १३९. यांची सरासरी काढायची नाही. मी हे वारंवार पाहते, सहा उत्तरं मिळवून बेरीज करून सहानं भागलेलं. प्रत्येक सूत्र वेगळ्या खनिजाबद्दल बोलतं, काहींना या पाण्याबद्दल बोलायचा अधिकारच नसतो. एकमेकांशी संबंध नसलेली दोन सूत्रं जवळजवळ एकच सांगतात का, ते शोधायचं. इथे कॅल्सेडनी ९७ म्हणते आणि मॅग्नेशियम ९०. एक सिलिकेवर चालतं, दुसरं धातूंवर. त्यांचं जुळणं हाच पुरावा. मी वहीत लिहीन: ९० ते १०० अंश.

थंड पाणी किती मिसळलं

जुळलं नाही तर पहिला संशय मिसळीचा. इथे थंड विहिरीचं पान उपयोगी येतं.

समजा वर येता येता झऱ्यात आमच्या विहिरीसारखं फक्त पाच टक्के पाणी मिसळलं. सिलिका ८० ची ७८ होईल, कॅल्सेडनीचं उत्तर ९७ चं ९६. कळणारही नाही. पण मॅग्नेशियम ०.५ चं १.७ होईल, आणि मॅग्नेशियमचं उत्तर ९० वरून ७४ वर येईल. शंभरात पाच तांबे विहिरीचे, आणि सोळा अंश गेले. म्हणून कॅल्सेडनी वर आणि मॅग्नेशियम बरंच खाली असं दिसलं तर मिसळ झाली आहे, किंवा पाणी उथळ जागी थोडं थांबून मॅग्नेशियमशी नव्यानं जुळलं आहे. मॅग्नेशियम खूप लवकर बदलतं, सिलिका हळू, सोडियम-पोटॅशियम सगळ्यात हळू.

भाद्रपद आणि वैशाखाच्या नमुन्यांतलं क्लोराइड आणि सिलिका आलेखकागदावर मांडा, शेजारी विहिरीचा ठिपका. तिन्ही ठिपके एका रेषेवर आले, तर झरा म्हणजे विहिरीच्या आणि कुठल्यातरी जास्त गरम पाण्याच्या मधलं मिश्रण. ती रेषा पुढे वाढवली की खालचं न मिसळलेलं पाणी कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. ठिपके विखुरले तर मिश्रण साधं नाही, तिथे रेषा ओढू नका.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकन सर्वेक्षणाचं 'फ्रीक' (PHREEQC) हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात पूर्ण पृथक्करण टाकून पाणी हळूहळू तापवत न्यायचं आणि कॅल्सेडनी, कॅल्साइट, फेल्डस्पार अशी खनिजं कोणत्या तापमानाला एकदम समतोलात येतात ते बघायचं. सूत्रांपेक्षा हे पक्कं, पण त्याला पृथक्करणही तितकंच पक्कं लागतं. ऐंशी टक्के लोकांच्या बाटल्या त्या लायकीच्या नसतात असं माझं मत आहे.

आणि खोली

तापमान मिळालं की खोलीचा अंदाज सोपा. साठा ९७ अंश, वरच्या जमिनीचं वर्षभराचं सरासरी तापमान सुमारे २७. फरक ७०. किलोमीटरला ३० अंश धरले तर सव्वादोन किलोमीटरच्या थोडं वर. त्या भागात जमीन लवकर तापत असेल, समजा किलोमीटरला ४०, तर पावणेदोन. दोन्ही आकडे लिहायचे, एकच लिहायचा नाही. आणि हे पाणी जिथे शेवटचं दगडाशी जुळलं तिथली खोली आहे, पाणी त्याहून खालीही जाऊन आलेलं असू शकतं.

पुढच्या पौषात मी परत उनपदेवाला होते, थर्मामीटर घेऊन. त्या आजी होत्या, त्याच पायरीवर. मी त्यांना माझ्या वहीतला अंदाज किलोमीटरमध्ये सांगितला नाही. म्हटलं, "आजी, इथून तुम्ही अर्धा तास चालत गेलात तर जिथे पोचाल, तेवढं लांब. फक्त सरळ खाली." त्यांनी धारेखाली हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "मंग भलतं दूरनं पानी शे हाई."